संकटकाळची पेटी आणि 'क' जीवनसत्त्व

मे महिना सरत आला की आमच्या मंडळाची एक बैठक ठरलेली असते. पावसाळ्यात कुठे पाणी शिरलेच तर सभासद कुटुंबांना आणि वस्तीतील गरजू घरांना कोणते साहित्य द्यायचे, याची यादी त्या बैठकीत होते. एका बैठकीत या यादीवरून चांगलाच वाद झाला. एका तरुण सभासदाने सुचवले, की प्रत्येक पिशवीत 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची एक पट्टी घालावी, म्हणजे संकटात लोकांची प्रतिकारशक्ती टिकेल. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "गोळ्या कसल्या वाटता? तेवढ्या पैशांत आणखी दोन किलो तांदूळ येतील." दोघांचाही हेतू चांगला होता. पण पिशवीमागे ठरलेली रक्कम मोजकी होती, आणि ती वाढवणे मंडळाला परवडणारे नव्हते. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, म्हणून हिशेब आमच्या गळ्यात पडला. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही वाचा, समजून घ्या आणि पुढच्या बैठकीत सांगा."

त्या निमित्ताने आम्ही जे वाचले आणि पडताळून पाहिले, ते या लेखात मांडत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेचा पदवीधर मनुष्य जेवढे काळजीपूर्वक वाचू शकतो तेवढेच आमचे भांडवल. प्रश्न मात्र प्रत्येक घराचा आहे, आणि विद्यार्थ्यांनी तर तो जरूर सोडवून पाहावा: घरातील संकटकाळच्या पेटीत 'क' जीवनसत्त्व ठेवावे की नाही? ठेवायचे तर कोणासाठी, किती आणि कोणत्या रूपात?

१. हे जीवनसत्त्व करते काय?

'क' जीवनसत्त्वाचे रासायनिक नाव ॲस्कॉर्बिक आम्ल. बहुतेक प्राणी ते आपल्या शरीरातच तयार करतात. माणूस, माकडांच्या बऱ्याच जाती, गिनीपिग अशा थोड्या प्राण्यांना ते जमत नाही, म्हणून आपल्याला ते अन्नातूनच घ्यावे लागते. शरीरातील कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या आणि हाडे यांना धरून ठेवणारा कोलॅजन नावाचा पदार्थ नीट तयार व्हायला हे जीवनसत्त्व लागते. भिंतीच्या विटा शाबूत असल्या तरी मधला चुना झिजला तर भिंत ढासळते, तसेच इथे होते. हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, दात हलू लागतात, केसांच्या मुळांशी रक्ताचे ठिपके दिसतात, सांधे दुखतात, जुन्या जखमा उघडतात आणि माणूस गळून जातो. याच रोगाला स्कर्व्ही म्हणतात. उपचार न झाल्यास तो प्राणघातक ठरतो, आणि उपचार मिळाल्यास काही दिवसांतच उतार पडू लागतो.

याशिवाय या जीवनसत्त्वाचा आणखी एक उपयोग आहे. भाकरी, डाळी आणि पालेभाज्यांमधील लोह शरीरात मुरायला ते मदत करते. आपल्याकडे स्त्रिया आणि मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण मोठे आहे. म्हणून जेवताना डाळीवर लिंबू पिळण्याची सवय फार मोलाची आहे.

२. इतिहासाचे धडे

इंग्लंडच्या आरमारातील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ साली 'सॅलिसबरी' या जहाजावर एक प्रयोग केला. स्कर्व्हीने आजारी असलेले १२ खलाशी निवडून त्यांनी दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांचे जेवण सारखे ठेवले. औषध मात्र प्रत्येक जोडीला वेगळे दिले. कोणाला सफरचंदाचे मद्य, कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी, असे उपाय होते. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले. सहा दिवसांत फळे संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतील एकजण कामावर उभा राहण्याइतका बरा झाला. लिंड यांचा ग्रंथ १७५३ साली निघाला. आरमाराने सर्व खलाशांना लिंबाचा रस देण्याचे ठरवले ते मात्र १७९५ साली. सत्य सापडल्यानंतरही ४० वर्षांहून अधिक काळ माणसे मरत राहिली.

या कथेचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि आपल्या प्रश्नाला तोच अधिक लागू आहे. फळे जहाजावर टिकत नाहीत म्हणून लिंड यांनी रस तापवून, आटवून तो बाटल्यांत भरावा असे सुचवले. त्या आटवलेल्या रसातील सत्त्व बरेचसे नष्ट झालेले असे. पुढे एकोणिसाव्या शतकात आरमाराने भूमध्य प्रदेशातील लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील हिरव्या लाइम लिंबांचा रस वापरायला सुरुवात केली. १८७५-७६ सालच्या ब्रिटिश उत्तर ध्रुव मोहिमेत असा रस बरोबर असूनही स्कर्व्ही झाला. रस बाटलीत होता, जीवनसत्त्व मात्र त्यात पुरेसे उरले नव्हते. संकटकाळची पेटी भरताना हा धडा विसरू नये: वस्तू पेटीत आहे म्हणजे तिचे सत्त्व पेटीत आहे असे होत नाही.

तिसरा धडा आपल्या माणसांचा आहे. पहिल्या महायुद्धात डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा येथे ब्रिटिश-हिंदी फौज वेढ्यात अडकली. ही सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३ व्या आणि ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे तसेच ११७ व्या मराठा पलटणीचे जवान होते. भाजी आणि ताजे अन्न मिळेनासे झाले. गोऱ्या सैनिकांनी घोड्याचे मांस खाल्ले, पण हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते बराच काळ नाकारले. त्यामुळे हिंदी शिपायांमध्ये स्कर्व्ही पसरला. दुसरीकडे, पांढऱ्या मैद्याच्या पावावर राहणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला, आणि कोंड्यासह दळलेल्या आट्याने हिंदी शिपायांना त्यापासून वाचवले. एकाच वेढ्यात, एकाच भुकेत, ताटातील फरकाने रोग वेगळा झाला. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्टपणे कोण सांगणार?

त्याच युद्धकाळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन संशोधक स्त्रियांनी दाखवून दिले, की कोरड्या कडधान्यांत स्कर्व्ही रोखण्याची शक्ती नसते, पण तीच कडधान्ये भिजवून त्यांना मोड आणले की ती शक्ती येते. आपल्याकडची मोडाची मटकी आणि मूग शास्त्राच्या कसोटीला उतरले, ते असे. पुढे १९४० च्या सुमारास पंजाबच्या हिसार भागातील दुष्काळात स्कर्व्ही झालेल्यांना आवळ्याची पूड देण्यात आली आणि ती गुणकारी ठरली. आवळ्याचा औषधी मान तर फारच जुना. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना औषध म्हणून ज्या फळांची परवानगी दिलेली आहे, त्यांत आवळाही आहे.

हे सगळे जुन्या काळातले झाले असे कोणी म्हणू नये. १९८० आणि १९९० च्या दशकांत पूर्व आफ्रिकेतील निर्वासितांच्या छावण्यांत स्कर्व्हीच्या साथी आल्या. या लोकांना धान्य, डाळ, तेल मिळत होते, पण महिनोन्‌महिने ताजे काही मिळत नव्हते. २००२ साली अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात तैवारा भागात, दुष्काळ आणि हिवाळ्यात बंद झालेले डोंगरी रस्ते यांमुळे, हाच रोग उद्भवला आणि तेथे जीवनसत्त्वाच्या गोळ्या पोहोचवाव्या लागल्या.

या सर्व प्रसंगांत एक समान धागा आहे. कुठेही रोग आठवड्याभरात झालेला नाही. सर्वत्र महिने लागलेले आहेत.

३. शिलकीचा हिशेब

आता आमच्या आवडीचा भाग, म्हणजे खातेवही. चांगले खाणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १५०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व शिल्लक असते. आवक पूर्ण बंद झाली तर ही शिल्लक रोज साधारण ३ टक्क्यांनी घटते, आणि तीही उरलेल्या शिलकीवर, म्हणजे बँकेच्या भाषेत घटत्या शिलकीच्या पद्धतीने. शिल्लक ३०० मिलिग्रॅमच्या खाली गेली की स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागतात. आता ढोबळ गणित करू.

७ दिवसांनी शिल्लक सुमारे १२१० मि.ग्रॅ.
१५ दिवसांनी सुमारे ९५० मि.ग्रॅ.
३० दिवसांनी सुमारे ६०० मि.ग्रॅ.
५३ दिवसांनी सुमारे ३०० मि.ग्रॅ., म्हणजे धोक्याची रेषा.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. अमेरिकेतील जॉन क्रँडन या तरुण शल्यवैद्याने १९३९-४० साली स्वतःवरच प्रयोग करून सहा महिने हे जीवनसत्त्व नसलेले अन्न खाल्ले. त्याच्या कातडीवर पहिली खूण दिसायला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. तीन महिन्यांनी मुद्दाम केलेली जखम व्यवस्थित भरली. सहा महिन्यांनी केलेली भरली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफिल्ड येथे स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगातून असेही दिसले, की रोज केवळ १० मिलिग्रॅम मिळाले तरी स्कर्व्ही टळतो आणि झालेला बरा होतो. रोजची शिफारस अर्थातच याहून अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ४५ मि.ग्रॅ. सांगते. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली पुरुषांसाठी ८० आणि स्त्रियांसाठी ६५ मि.ग्रॅ. ठरवले. शिफारस ही तब्येत उत्तम राहावी म्हणून असते. रोग टाळण्याची किमान रक्कम तिच्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

तेव्हा आठ-पंधरा दिवसांच्या पुरासाठी धडधाकट माणसाला या गोळ्यांची गरज नाही, हे हिशेबाने सिद्ध होते. पण हिशेब इथे मिटवला तर तो अपुरा राहील. वरचे गणित ज्याच्या खात्यात १५०० शिल्लक आहे त्याचे आहे. ज्याच्या खात्यात आधीच ६०० आहेत त्याचे काय? तो सुमारे २३ दिवसांत धोक्याच्या रेषेवर येतो. आणि अशी माणसे आपल्या वस्तीत आहेत. एकटी राहणारी म्हातारी, जी सकाळी चहा-पोळी आणि रात्री चहा-खारी यांवर दिवस काढते. दात नसल्याने फळ न खाणारे आजोबा. दारूच्या किंवा विडी-सिगारेटच्या आहारी गेलेला, जेवणाची शुद्ध नसलेला गडी. तंबाखूचा धूर ओढणाऱ्याची गरज इतरांपेक्षा जास्त असते हे सिद्ध झालेले आहे. या लोकांवर संकट येते तेव्हा त्यांची पासबुके आधीच रिकामी असतात. पुराच्या पाण्याने सर्वांची घरे सारखीच बुडतात, पण सर्वांची शिल्लक सारखी नसते.

४. प्रतिकारशक्तीचा गैरसमज

आमच्या तरुण सभासदाचा मुद्दा प्रतिकारशक्तीचा होता. त्याचाही विचार करायला हवा. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७० साली, मोठ्या मात्रेत 'क' जीवनसत्त्व घेतल्यास सर्दी टळते, असे पुस्तक लिहून प्रतिपादन केले. पॉलिंग दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी, त्यामुळे जगाने ते पटकन मान्य केले. नंतर अनेक चाचण्या झाल्या. त्या सर्वांचा एकत्रित आढावा २०१३ साली निघाला. नियमित गोळ्या घेतल्याने सामान्य माणसाची सर्दी टळत नाही, फक्त सर्दीचा काळ मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के कमी होतो, असे त्यात दिसले. सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांवर येते. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेतल्याने खात्रीचा फायदा दिसला नाही.

२०२० साली कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी औषधांच्या दुकानांपुढे या गोळ्यांसाठी रांगा लावल्या. आम्हीही लावली, हे प्रामाणिकपणे सांगतो. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांना रोज ८००० मिलिग्रॅमपर्यंत हे जीवनसत्त्व देऊनही लक्षणे लवकर कमी झाल्याचे दिसले नाही. मोठ्या माणसाचे मत आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत फरक करायला विद्यार्थ्यांनी शिकले पाहिजे. लिंड बारा खलाशांची तुलना करून बोलले, म्हणून ते आजही टिकून आहेत.

५. आमच्या पेटीची चूक

इथे आमच्याच घरची गोष्ट सांगणे भाग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली आणि कोल्हापूर वेढले, तेव्हा आम्ही सहकुटुंब पहिल्या मजल्यावर पाच दिवस अडकलो होतो. आम्ही स्वतःला दक्ष समजत असू. कपाटात एक पेटी होती. तिच्यात मेणबत्त्या, बिस्किटे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या तीन बाटल्या होत्या. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र दोनच उरल्या होत्या. महिन्याचे औषध पगारानंतर आणायचे, ही आमची पद्धत. तिसऱ्या दिवसापासून वडिलांचे डोके जड झाले, चौथ्या दिवशी त्यांना उभे राहता येईना. आई वारंवार ती पेटी उघडून पाही, जणू आतून काही निघेल. पाचव्या दिवशी बोट आली आणि ते दवाखान्यात पोहोचले. वडील वाचले, पण डाव्या हाताची पकड पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. पुढे दोन वर्षे ते आमच्यात होते. या काळात त्यांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. ते एवढेच म्हणत, "बाळ, जे रोज लागतं ते आधी ठेवावं."

त्या वाक्यात संकटकाळच्या पेटीचे सारे शास्त्र आले. संकटात माणूस कशाने आधी दगावतो, त्या क्रमाने पेटी भरावी. पाणी नसेल तर दिवसांत. जुलाबांनी शरीरातील पाणी गेले तर तासांत किंवा दिवसांत, लहान मूल तर फारच लवकर. मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट्स यांचे रोजचे औषध खंडले तर दिवसांत. अन्न नसेल तर आठवड्यांत. 'क' जीवनसत्त्व नसेल तर महिन्यांत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. त्या घरांत पहिल्या आठवड्यात हिरड्या सुजण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो स्वच्छ पाण्याचा, जुलाबांचा, पायाच्या जखमांचा आणि औषधांचा.

६. मग ठेवायचे काय?

पहिला मान पिण्याच्या पाण्याला, ते शुद्ध करणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्यांना, जलसंजीवनीच्या पुड्यांना आणि प्रत्येकाच्या रोजच्या औषधाच्या किमान पंधरा दिवसांच्या साठ्याला. त्यानंतर कोरडा शिधा, विजेरी, प्रथमोपचार आणि प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रे. एवढे झाल्यावर 'क' जीवनसत्त्वाला एका कोपऱ्यात जागा जरूर द्यावी. ती पुढील रूपांत देता येते.

(अ) कडधान्ये. मूग किंवा मटकी शिध्यात असतेच. पूर लांबला तर ती भिजवून मोड आणावेत. शंभर ग्रॅम ताज्या मोडांत १० ते १५ मि.ग्रॅ.च्या आसपास जीवनसत्त्व असते, म्हणजे वाटीभर मोड स्कर्व्ही दूर ठेवायला पुरतात. भिजवायला शुद्ध केलेलेच पाणी घ्यावे. पुराच्या दिवसांत मोड कच्चे न खाता थोडे वाफवून घ्यावेत. वाफेने काही सत्त्व जाते, पण जुलाब टळतात. हा सौदा नफ्याचाच आहे.

(आ) आवळकाठी. ताज्या आवळ्याच्या शंभर ग्रॅममध्ये अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक जीवनसत्त्व असते. वाळवल्यावर त्यातले बरेच घटते, तरी इतर फळांच्या मानाने आवळ्यात ते चांगले तग धरते. हवाबंद डबीत, अंधारात ठेवावी आणि दर हिवाळ्यात नवी भरावी.

(इ) लिंबू, पेरू, हिरवी मिरची, कोथिंबीर, शेवग्याचा पाला. या गोष्टी पेटीत टिकत नाहीत, पण पाणी ओसरताच सर्वांत आधी त्याच मिळवाव्यात. हिरव्या मिरचीला कमी लेखू नये. हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी यांना हे जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात मिळाले ते त्यांच्या गावच्या मिरच्यांतून, आणि १९३७ सालचे नोबेल पारितोषिक त्यांच्याकडे आले. भाकरीबरोबर कच्ची मिरची आणि कांदा खाणारा आपला शेतमजूर नकळत आपली शिल्लक राखत आला आहे.

(ई) गोळ्या. बाजारात साधारणतः ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी मिळते. एका माणसाला रोज पाव गोळी दिली तरी १२५ मि.ग्रॅ. होतात, म्हणजे शिफारशीहून जास्त. १५ गोळ्यांची पट्टी चार माणसांना या हिशेबाने पंधरा दिवस पुरते. पट्टीवरची मुदत पाहावी. ओल लागली की हे जीवनसत्त्व बिघडते, गोळी तपकिरी पडली असेल तर ती टाकून द्यावी.

काही सावधगिरीच्या सूचना. जादा गोळ्या घेतल्याने जादा फायदा होत नाही. शरीर उरलेले लघवीवाटे टाकून देते, आणि मोठ्या मात्रेने जुलाब लागतात. पुरात जुलाब लावून घेण्यासारखा दुसरा शहाणपणाचा अभाव नाही! मूत्रखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नयेत. या गोळ्या मुलांना गोळ्या-चॉकलेटसारख्या लागतात. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४०० मि.ग्रॅ. मानली जाते, म्हणजे एक आख्खी गोळीही त्याला जास्त होते. अंगावर पिणाऱ्या बाळाला गोळी देऊ नये. आईला नीट खाऊ घालावे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. 'क' जीवनसत्त्व क्लोरीनला निष्प्रभ करते. पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून चव बरी व्हावी म्हणून लगेच लिंबू पिळले किंवा 'क' जीवनसत्त्वाची गोळी विरघळवली, तर जंतू मारणारे क्लोरीनच संपते. म्हणून क्लोरीन टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावे, आणि मगच हवे तर लिंबू पिळावे. अन्यथा दोन चांगल्या गोष्टी एकत्र येऊन एक वाईट गोष्ट घडते.

७. बैठकीचा निर्णय

पुढच्या बैठकीत आम्ही हा सर्व हिशेब मांडला. वादातील दोघेही थोडे बरोबर आणि थोडे चूक होते. सरसकट प्रत्येक पिशवीत गोळ्या घालणे हा अपव्यय होता. पण दोन किलो तांदूळ वाढवल्याने सारे साधते, हेही खरे नव्हते. कुतच्या शिपायांनी ते आपल्या देहाने सिद्ध केले आहे. शेवटी असे ठरले, की प्रत्येक पिशवीत तांदळातला एक किलो कमी करून तेवढ्या पैशांत अख्खे मूग आणि जलसंजीवनीच्या पुड्या घालाव्यात. गोळ्यांच्या पट्ट्या थोड्याच घ्याव्यात आणि त्या एकट्या वृद्धांच्या, दुर्बल आजाऱ्यांच्या घरी, डॉक्टरांचा सल्ला घेऊन, हाती नेऊन द्याव्यात. त्यासाठी अशा घरांची यादी करण्याचे काम त्या तरुण सभासदाने स्वतःकडे घेतले. यादी करताना तो दारोदारी फिरला. त्याला कळले, की अनेक घरांत रोजच्या औषधाचा साठा चार दिवसांचाही नसतो. आता यादीत त्यासाठी वेगळा रकाना आहे.

आमच्या मते या साऱ्या अभ्यासाचे फळ तो रकाना आहे. गोळी ठेवावी की नाही हा प्रश्न विचारता विचारता, कोणाच्या घरात काय कमी आहे हे आपल्याला कळले. वाचकांनी हा लेख वाचून झाल्यावर घरातील पेटी उघडावी, आणि पेटी नसेल तर साधा डबा घ्यावा. त्यात आधी रोज लागणारे ठेवावे, मग आठवड्यात लागणारे, आणि मग महिन्यात लागणारे. शेजारी एकटे म्हातारे माणूस असेल तर त्याच्या डब्यात काय आहे, हेही जाऊन पाहावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. लिंड यांनी सर्व खलाशांचे जेवण सारखे का ठेवले असेल? तसे केले नसते तर काय झाले असते?
२. शरीरात ९०० मिलिग्रॅम शिल्लक असलेल्या माणसाची शिल्लक रोज ३ टक्क्यांनी घटत गेली, तर ती ३०० वर यायला सुमारे किती दिवस लागतील? कागदावर करून पाहा.
३. कुतच्या वेढ्यात दोन गटांना दोन वेगळे रोग का झाले?
४. क्लोरीनच्या पाण्यात लगेच लिंबू का पिळू नये?
५. आपल्या घरातील प्रत्येकाच्या रोजच्या औषधाचा साठा आज किती दिवसांचा आहे? या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नका, घरी मोजून आई-वडिलांना सांगा.